निरोगी माणसाचे ऋण

कल्याणच्या पत्रीपुलाजवळ कुष्ठरुग्णांची जुनी वसाहत आहे. नौदलात नोकरी करून आलेल्या गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती कुष्ठरुग्णांमध्ये केलेल्या कामासाठी; त्या निमित्ताने काही दिवस या माणसांकडे वर्तमानपत्रांचे लक्ष गेले आणि मग नेहमीप्रमाणे दुसरीकडे वळले. पुलाखालून रोज लाखो माणसे लोकलने ये-जा करतात. त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट ठाण्या-कल्याणात नर्सिंग, डीएमएलटी, फिजिओथेरपी किंवा आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलांना पाठ असते: कुष्ठरोगाच्या जंतूशी गाठ पडली तरी सुमारे ९५ टक्के माणसांना तो रोग होतच नाही. शरीर परस्पर निकाल लावते, मालकाला पत्ताही लागत नाही. उत्तरपत्रिकेत या वाक्याला फार तर एखादा गुण मिळत असेल. पण त्याने उभा केलेला प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात मावणारा नाही. ज्या पंचाण्णव जणांना रोग झाला नाही, त्यांनी असे काय केले होते? आणि उरलेल्या पाचांनी काय करायचे ठेवले होते?

या प्रश्नाला आपल्याकडे एक जुने, तयार उत्तर आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापे आणि व्याधी यांच्या जोड्याच लावून दिल्या आहेत: ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय, गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याला कातडीचा रोग. म्हणजे रुग्णाचे शरीर पाहावे आणि त्यावरून त्याचा गुन्हा वाचावा. हा विचार पोथीतच राहिला असता तर आज त्याची दखल घ्यायचे कारण नव्हते. पण कुष्ठरुग्णांना समाजातून उचलून वेगळे ठेवण्यासाठी इंग्रजांनी १८९८ साली केलेला कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता, आणि जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांतून वगळायला २०१९ साल उजाडावे लागले. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा करणारी बहुऔषधी उपचारपद्धती तर १९८०च्या दशकापासून उपलब्ध होती आणि सरकारी दवाखान्यांत मोफतही. औषध आले, जंतू मेला, तरी शिक्षा चालूच राहिली. यावरून असे दिसते की ती शिक्षा जंतूला नव्हतीच.

दुसरे उत्तर नवे आहे आणि स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवते. २०२० पासून 'इम्युनिटी' घरोघरी पोचली. काढे, हळदीचे दूध, गोळ्या, च्यवनप्राश, श्वासाचे व्यायाम, लवकर उठणे. यांतले काही निरुपद्रवी आहे, काही चांगलेही आहे. प्रश्न त्यामागच्या नीतीचा आहे. ज्याने स्वतःकडे लक्ष दिले तो वाचला आणि ज्याने दिले नाही तो पडला, असा तिचा हिशेब. मनू रुग्णाला मागच्या जन्मीचे पाप विचारत होता, जाहिरात या जन्मीची दिनचर्या विचारते. आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस तोच. रुग्णालयातला प्रशिक्षणार्थी सरळ मनाने सांगतो, 'तुमची प्रतिकारशक्ती कमी पडली', आणि खाटेवरचा माणूस ऐकतो की आपणच कुठेतरी कमी पडलो. आरोग्य ही ज्याची-त्याची कमाई आहे, मग ती पुण्याची असो वा शिस्तीची, हे या दोन्ही उत्तरांचे समान गृहीतक. ते चुकीचे आहे. संसर्ग, प्रतिकारशक्ती आणि पोषण हे अभ्यासक्रमातले तीन धडे एकत्र वाचले तर प्रतिकारशक्ती ही बव्हंशी कमावलेली नव्हे तर मिळालेली गोष्ट ठरते, आणि मिळालेल्या गोष्टीशी नाते सांगणारी नैतिक कल्पना पुण्याची नाही, कर्तबगारीची नाही, ऋणाची आहे.

आधी शरीराचे पाहू. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके बरे, ही समजूतच मुळात खरी नाही. कुष्ठरोगात हात लुळा पडतो, पाय लटका पडतो, त्याचे एक मोठे कारण जंतू नसून जंतूवर तुटून पडलेली आपलीच प्रतिकारयंत्रणा असते. ती मज्जातंतूंना सूज आणते, आणि मग स्टिरॉइड देऊन तिलाच आवरावे लागते. कोविडच्या गंभीर रुग्णांतही शरीराच्या स्वतःच्या अतिरेकी प्रतिसादाने फुप्फुसे निकामी होताना सगळ्या जगाने पाहिली. तेव्हा ही काही तालमीत कमावलेल्या दंडासारखी मिरवायची चीज नाही. ती संयमाची आणि ओळखीची यंत्रणा आहे, आणि ही ओळख तिला दुसऱ्यांकडून मिळते. नवजात बाळाच्या रक्तातली प्रतिपिंडे आईची असतात; वारेतून आलेली. पुढे दुधातून वेगळी येतात. गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्याच्या आधी सहसा देत नाहीत, कारण आईने दिलेले संरक्षण तोवर पुरते विरलेले नसते आणि ते असताना लस नीट लागू पडत नाही. म्हणजे माणसाच्या आयुष्यातले पहिले वर्ष तर सरळसरळ उसनवारीवरच निघते.

पुढची वर्षेही काही फार वेगळी नाहीत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात ती पहिली. तिच्या दंडावर आलेल्या फोडातली लस पुढच्या मुलांना, त्यांच्या दंडावरची त्याच्या पुढच्यांना, अशी ती साखळी देशभर गेली. दंडावरून दंडावर जाणाऱ्या या लसीला जातीचे बंधन पाळता येईना, म्हणून सोवळ्या घरांतून विरोध झाला. त्या विरोधाला अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे, पण विरोध करणाऱ्यांना एक गोष्ट अचूक कळली होती: हे संरक्षण घ्यायचे तर दुसऱ्याच्या शरीराचे काहीतरी स्वतःत घ्यावे लागते, आणि ते कोणाचे हे निवडता येत नाही. गोवर तर हेच उलट बाजूने सांगतो. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत त्याची साथ आली तेव्हा भिवंडीही होरपळली. कोविडच्या काळात लसीकरण मागे पडले होते. गोवर थोपवायला सुमारे ९५ टक्के मुलांचे लसीकरण लागते. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाचे कवच त्याच्या स्वतःच्या दंडात नसतेच, ते शेजारच्या घरांत असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: लस न घेतलेल्या मुलाला गोवर झाला तर इतर रोगांविरुद्ध त्याने आधी जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के पुसली जाऊ शकतात. ज्याला आपण माझी प्रतिकारशक्ती म्हणतो, ती आपली म्हणून टिकते तीही आजूबाजूच्यांच्या जोरावर.

यावर श्रद्धावान वाचक म्हणेल की हे सगळे खरे, पण कर्मसिद्धान्ताला तुम्ही फार स्वस्तात काढले. मनूची ती यादी म्हणजे कर्मविचार नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला परंपरेबाहेर जावे लागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय साथीच्या रोगांवरच आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पांचाल देशात, कांपिल्यनगरीजवळ गंगाकाठी पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. येऊ घातलेल्या साथीची चिन्हे ओळखून ते अग्निवेशाला सांगतात की वनस्पतींचा गुण नाहीसा व्हायच्या आत त्या गोळा करून ठेवा. तेव्हा अग्निवेश जो प्रश्न विचारतो तो आजच्या रोगपरिस्थितिविज्ञानाच्या वर्गातही शोभावा: माणसांच्या प्रकृती निराळ्या, आहार निराळा, बळ आणि वय निराळे, मग एकाच रोगाने एकाच वेळी सारा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेयांचे उत्तर असे की वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांना सामाईक असतात, त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात. त्यांच्या मुळाशी ते अधर्म ठेवतात हे खरे, पण तो खाटेवरच्या रुग्णाचा खासगी अधर्म नाही. देश, नगर, व्यापारी संघ यांचे प्रमुख धर्म सोडून वागतात तिथे तो सुरू होतो आणि मग खाली झिरपतो. त्याच अध्यायात पुढे दैव आणि पुरुषकार यांचा वाद आहे, आणि सारे आयुष्य आधीच ठरलेले असते तर औषधोपचारांना अर्थच उरला नसता, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पाली त्रिपिटकात, संयुत्त निकायात, सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला जे जे भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्मानेच का. बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुपालट, निष्काळजीपणा, बाहेरून झालेला आघात अशी कारणे मोजतो. पूर्वकर्म हे त्यांतले एक, आणि तेवढ्यालाच सगळे म्हणणारे चुकतात. तेव्हा रुग्णाला दोषी धरणे ही आपली परंपरा नाही, परंपरेतली एक बाजू आहे. तिच्या विरुद्ध बाजूला वैद्यही होते आणि बुद्धही.

कर्म आणि शिस्त ही दोन्ही मापे किती अपुरी आहेत ते पाहायला कल्याणचेच उदाहरण पुरेसे आहे. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी जन्मल्या आणि कल्याणात वाढल्या. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२च्या मार्चमध्ये. त्यानंतर वर्षभराने त्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत, पुण्यात क्षयानेच गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती; तिथे रुजू होणे राहूनच गेले. मनूच्या हिशेबाने या मुलीने ब्रह्महत्या केलेली असायला हवी. तो हिशेब आज कोणी मांडणार नाही. पण त्यांच्या चरित्राची चर्चा करताना दुसरा हिशेब अजून मांडला जातो: त्यांनी मांसाहार केला नाही, थंडीत लुगडे सोडले नाही, अतिश्रम केले. या गोष्टींनी शरीर खंगले असणे शक्य आहे. पण त्या काळी अमेरिकेतल्या शहरांत क्षय हे मृत्यूच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक होते, आणि तिथे मरणाऱ्यांत मांस खाणारे, लोकर घालणारे हजारो होते. शिवाय क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध निघायला १९४० चे दशक यायचे होते. आनंदीबाईंच्या बाबतीत जे कमी पडले त्याचा मोठा भाग त्यांच्या हातातच नव्हता.

पोषणाविषयी मात्र आज आपल्याला तर्कापेक्षा अधिक काही माहीत आहे. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना पोसतात हे स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात मांडले. त्याचे विदारक रूप १९९२-९३ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंत महाराष्ट्राने पाहिले. पण पुरेसे अन्न दिल्याने क्षय टळतो का, याची नीट चाचणी अलीकडची. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्णांच्या घरांत ती झाली आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली. औषध सगळ्याच रुग्णांना होते, शिधाही सगळ्याच रुग्णांना होता. फरक होता तो घरातल्या इतरांच्या शिध्याचा. निम्म्या घरांत त्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दिवसाला सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतील इतक्या. त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि फुप्फुसाचा, थुंकीत जंतू सापडणारा क्षय ४८ टक्क्यांनी. या माणसांना चाचणीने काढा दिला नव्हता की प्राणायाम शिकवला नव्हता. त्यांना डाळभात मिळाला होता.

शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की जो कोणी आहे तो ऋणी म्हणूनच जन्मतो: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. तैत्तिरीय संहितेत हीच कल्पना ब्राह्मणापुरती आहे आणि ऋणे तीनच आहेत. शतपथात 'जो कोणी आहे तो' असे म्हटले आहे आणि चौथे ऋण माणसांचे आहे. ते फेडायचे कसे, तर माणसांना निवारा देऊन आणि अन्न देऊन. यज्ञसंस्थेच्या गाभ्यातल्या ग्रंथात हे सापडावे याचे मला अप्रूप वाटते. ठाण्या-कल्याणात या ऋणाचा तपशील मांडता येतो. ठाणे शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यात भातसा धरणाचे पाणी आहे. कॉलरा, विषमज्वर, कावीळ शहराच्या दाराबाहेर ठेवण्यात या पाण्याचा वाटा सगळ्या इम्युनिटी बूस्टरांहून मोठा आहे. ते धरण शहापूर तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलातले मूल जुलाबाने दगावत नाही, यात त्याच्या आईबापांच्या दक्षतेचा भाग आहेच. पण त्या दक्षतेला जे पाणी लागते ते कोणीतरी सोडले आहे, आणि सोडणाऱ्याला विचारलेही गेले नव्हते.

ऋण कशाला, सरळ हक्क म्हणा, असे इहवादी वाचक म्हणेल. पोषणाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा स्तर उंचावणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून संविधानाच्या ४७ व्या कलमात लिहिलेच आहे. हक्काची भाषा रुग्णाच्या हाती हवीच, तिच्याशी माझे भांडण नाही. पण ती मागणाऱ्याला बळ देते. ज्याला काहीच मागायचे नाही, त्या निरोगी माणसाला ती मोकळा सोडते. तो म्हणतो, मी कर भरतो, माझा संबंध संपला. ऋणाची भाषा त्याला गाठते. वैयक्तिक जबाबदारीचे मग काय, हा आक्षेप याहून गंभीर आहे. तंबाखू, दारू, अर्धवट सोडलेली औषधे हे सगळे माणूस स्वतः करतो, आणि अर्धवट उपचारांनी दाद न देणारा क्षय तयार होतो हे खरे. ऋणाच्या कल्पनेत ही जबाबदारी उलट घट्टच होते: औषधाचा कोर्स पुरा करणे हे लोकलच्या त्याच डब्यात श्वास घेणाऱ्यांचे देणे आहे. पण अभ्यास सांगतो की उपचार अर्ध्यावर सुटतात त्यामागे बुडणारा रोज, लांबचा दवाखाना, रिकाम्या पोटी न सोसणाऱ्या गोळ्या अशी कारणे वारंवार असतात. ज्याला जितके मिळाले त्याच्याकडे तितकेच मागता येते.

नेमकी हीच मर्यादा २०२१ साली सुटली. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून कोविड लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलने प्रवास करता येईल असे ठरले. प्रतिकारशक्ती सामाईक आहे, मग सक्ती का नको, हा युक्तिवाद माझ्या मांडणीतूनच निघू शकतो, म्हणून त्याला उत्तर देणे मला भाग आहे. डोंबिवली, दिवा, टिटवाळ्याच्या माणसाला लोकल नाही म्हणजे पगार नाही. आणि त्या उन्हाळ्यात लशीच इतक्या अपुऱ्या होत्या की रांगेत उभे राहूनही माणसे परत जात होती. ज्याला समाजाने अजून डोसच दिला नव्हता, त्याच्याकडून वसुली मात्र सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल देताना कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले, आणि त्याच वेळी सार्वजनिक हितासाठी प्रमाणात राहतील अशी बंधने घालायला राज्याला वावही ठेवला. मला हा तोल योग्य वाटतो. शरीरावर जप्ती आणता येत नाही. पटवून देता येते, लस दारात नेता येते, आणि नकार देणाऱ्याला तो कोणाच्या बाळाच्या जिवावर नकार देतो आहे हे सांगता येते.

उरतो दानाचा प्रश्न, आणि आपल्याकडे अन्नदान हे श्रेष्ठ मानलेले असल्याने तो नाजूक आहे. दाता आपल्या इच्छेने देतो, आपल्याला रुचेल ते देतो, आणि पुण्य स्वतःकडे ठेवतो. ऋणकोला यांतले काहीच करता येत नाही. शाळेच्या आहारातल्या अंड्याचे पाहा. २०२३च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने मुलांना आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. न खाणाऱ्यांसाठी केळे होते. तरी धार्मिक भावनांच्या नावाने विरोध झाला, आणि २०२५च्या जानेवारीत सरकारने अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी हवे तर लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगितले. अंडे न खाण्याचे व्रत आदरणीय आहे. आनंदीबाईंनी परमुलखात आपला नेम पाळला, तो स्वतःच्या ताटापुरता. शेजारच्या मुलाच्या ताटातले उचलून घेणारे व्रत कोणत्या धर्माचे, हे विरोध करणाऱ्यांनी सांगायला हवे होते. क्षयाच्या बाबतीतही वाटणी अशीच झाली आहे. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, ते २०२४च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. हे सरकारी देणे आहे, कोणाच्या मर्जीवर नाही. घरातल्या इतरांचा शिधा मात्र निक्षय मित्रांकडे, म्हणजे स्वेच्छेने रुग्ण दत्तक घेणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांकडे सोपवलेला आहे. ज्या टोपलीने झारखंडमध्ये संसर्गजन्य क्षय जवळपास निम्म्यावर आणला, ती डोंबिवलीतल्या एखाद्या क्षयरुग्णाच्या बायकोमुलांपर्यंत पोचेल की नाही, हे त्या वर्षी कोणाला दान करावेसे वाटले यावर ठरते.